घरातील ख्रिस्तसभा : आठ सप्टेंबरच्या निमित्ताने

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मोत्सव. नाशिकच्या धर्मग्रामांत त्या दिवशी मिस्सा एकच असते. वाचने तीच, प्रार्थनाही तीच. मात्र मिस्सा आटोपून मंडळी घरी परतली की, एकाच सणाची निरनिराळी रूपे दिसू लागतात. मंगळूरकडून आलेल्या घरात हा 'मोंती फेस्त' असतो. आशीर्वादित केलेल्या नव्या भाताचे दाणे सोलून ते दुधात किंवा खिरीत कालवायचे, घरातील वडीलधाऱ्यांनी प्रार्थना म्हणायची आणि लहानथोरांनी मिळून ते 'नवे' ग्रहण करायचे, अशी तेथील रीत. त्या दिवशी जेवण शाकाहारी. परगावी असलेल्या मुलाबाळांसाठी चार दाणे टपालाने धाडण्याचीही पद्धत होती. गोव्याकडील घरात नव्या पिकाचा हा सोहळा त्याआधीच, ऑगस्ट महिन्यात झालेला असतो आणि कणसे घरातील वेदीजवळ ठेवलेली असतात. मुंबई-वसईकडील कुटुंबाला ओढ लागलेली असते ती बांद्र्याच्या डोंगरावरील माउलीच्या जत्रेची. आणि ज्यांची मुळे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांत आहेत, ती मंडळी श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेची वाट धरतात.

'मोंत' म्हणजे डोंगर. या पोर्तुगीज शब्दाची खूण 'मोंती' आणि 'मतमाउली' या दोन्ही नावांत उरली आहे, असे मानले जाते. हरेगाव तर उसाच्या सपाट पट्ट्यातील गाव. तेथे डोंगर नाही. तरीही माउलीने आपले नाव तेथवर आणले आणि भाविकांनी ते आपलेसे केले. प्रथा कशा प्रवास करतात, याचे इतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

ही चार घरे नाशकात एकत्र आली ती बहुतांशी पोटापाण्याच्या निमित्ताने. रेल्वे, १९२५ साली नाशिकरोडला सुरू झालेला सरकारी छापखाना, १९६४ नंतर ओझरचा विमान कारखाना, पुढे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, शाळा आणि रुग्णालये यांनी माणसे आणली. १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतापासून वेगळा होऊन नाशिक धर्मप्रांत अस्तित्वात आला, तेव्हा या साऱ्यांना एक छत्र लाभले. परंतु छत्र एक झाले तरी प्रत्येक घराने बरोबर आणलेल्या गाठोड्यात काय आहे, हे आपण एकमेकांना फारसे विचारले नाही. या लेखात आम्ही ती गाठोडी थोडी सोडून पाहणार आहोत.

पहिले गाठोडे गोव्याचे व मंगळूरचे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ नवख्रिस्ती समाजाला त्याच्याच परिचित छंदात ख्रिस्तकथा सांगत होता. पुढे मात्र वारे फिरले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने आणखी पुढचे पाऊल टाकले. लग्नात देशी वाद्ये वाजवू नयेत, ओव्या गाऊ नयेत, वधूवरांना हळद लावू नये, असे कित्येक निर्बंध ख्रिस्ती घरांवर लादले गेले. एखाद्या राजसत्तेने स्वयंपाकघरापर्यंत आणि हळदीच्या वाटीपर्यंत पोहोचावे, ही बाब आजही मनाला बोचते.

तथापि या हुकुमाचे दुसरे अंगही लक्षात घ्यावे. बाप्तिस्मा होऊन कित्येक पिढ्या लोटल्यावरही जे घरात जिवंत होते, त्यावरच बंदी घालण्याची वेळ आली. आणि बंदीनंतरही ते मेले नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा 'रोस' गोव्या-मंगळूरकडील घरांत आजही होतो. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन लग्नघरात वाजतगाजत 'उंबराचं पाणी' आणले जाते. खुद्द 'क्रिस्तपुराणा'चीही कथा अशीच आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूरकडे जपून ठेवलेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ साली तो ग्रंथ पुन्हा छापला, म्हणून तो आपल्या हाती आला. छापखान्याने जे राखले नाही, ते श्रद्धेने नकलून ठेवणाऱ्या हातांनी राखले.

दुसरे गाठोडे नगर आणि नाशिक जिल्ह्यांतील खेड्यांचे. त्याची जडणघडण अगदी वेगळी. येथे ना पोर्तुगीज सत्ता होती, ना इन्क्विझिशन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषिक येशूसंघीय धर्मगुरू या भागात आले. त्यांच्यापैकीच हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू केले आणि मराठी कॅथलिक वाचकाला आपले वाङ्मय मिळू लागले. या मिशनांत आलेली कुटुंबे बहुतांशी गावकुसाबाहेरची होती. गावे अनेक आणि धर्मगुरू मोजके, त्यामुळे रोजची प्रार्थना, मुलांचा धर्मोपदेश आणि मर्तिकाच्या घरचा धीर हा भार गावातील 'मास्तर' आणि घरातील माणसे यांच्यावर असे. मिस्सा कधीतरी, पण सांजेची प्रार्थना रोज, दिव्याच्या उजेडात, घरातच.

या प्रार्थनेचा अर्थ समजून घ्यावयाचा तर नाशिककरांना फार दूर जावे लागत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षांच्या आसपास चालला, तरी ते दार उघडले नाही. ज्या समाजाला देवाचे दार असे बंद होते, त्याच समाजातील एखाद्या कुटुंबाने आपल्या खोपटात क्रूस टांगावा, त्यापुढे दिवा लावावा आणि कोणाचीही परवानगी न घेता देवाशी बोलावे, हे केवळ धार्मिक कृत्य नव्हते. तो माणूसपणाचा अनुभव होता. हरेगावच्या यात्रेत पाऊणशे वर्षांपासून हजारोंच्या संख्येने जाणारी माणसे हाच अनुभव घेऊन जातात. जातीची सावली आपल्या मंडळींतूनही पुरती गेली नाही, हेही येथे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

म्हणजे एका गाठोड्यात हिरावून घेतलेली हळद आहे, तर दुसऱ्यात प्रथमच लाभलेला देव्हारा. दोन्हींना जोडणारे सूत्र एकच. धर्मगुरू जवळ नसताना, किंवा सत्ता विरोधात असतानासुद्धा, प्रथा टिकली ती घराने टिकवली म्हणून.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने या सत्याला अधिकृत शब्द दिले. १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकांच्या भाषेला व संस्कृतीला उपासनेत स्थान दिले. १९६४ च्या ख्रिस्तसभाविषयक दस्तऐवजाने कुटुंबाला 'घरातील ख्रिस्तसभा' म्हटले. १९६९ साली भारतासाठी मान्य झालेल्या बारा मुद्द्यांमुळे आरती, समई, अंजलीमुद्रा यांना मिस्सेत वाट मिळाली. १७३६ मध्ये जे पाखंड ठरले होते, त्याच्या सोयऱ्यांना अडीचशे वर्षे पुरी होण्याच्या आत वेदीपाशी मान मिळाला. इतिहासाच्या या वळणाकडे आपण कृतज्ञतेने पाहावे, आणि थोडे नम्रही व्हावे. एका काळचा निर्णय दुसऱ्या काळात अपुरा ठरू शकतो.

म्हणूनच प्रत्येक जुनी रीत केवळ जुनी आहे म्हणून डोक्यावर घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. आमच्याही काही घरांत हळदीच्या वेळी विधवा आईला मागे उभे केले जाते. जिने मुलीला वाढवले, तिचाच हात मुलीच्या कपाळाला लागू नये, याला सुवार्तेत कोणताही आधार नाही. ही रीत सोडलीच पाहिजे. याउलट रोझरी संपल्यावर मुलांनी आजी-आजोबांपुढे हात जोडून आशीर्वाद मागणे, झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी वर्षभर क्रूसामागे खोचून ठेवणे, २ नोव्हेंबरला सहकुटुंब कबरीवर मेणबत्ती लावणे या साध्या रीतींत घरातील माणसे एकमेकांसाठी, आणि गेलेल्यांसाठीही, काही करीत असतात. जी रीत माणसाला जवळ आणते ती राखावी, जी दूर लोटते ती सोडावी. आमच्या मते पारख करण्याची कसोटी एवढीच.

आज अडचण बंदीची नाही. सदनिकेत वेदीसाठी कोपरा आहे, पण सायंकाळी सात वाजता घरात सगळे एकत्र नाहीत. कोणी पाळीवर, कोणी शिकवणीला, तर कोणी पडद्यासमोर. बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत नाशिकरोडला लोटणारी गर्दी पाहून मन भरून येते. परंतु यात्रा वर्षातून एकदा येते आणि सायंकाळ रोज येते. सार्वजनिक सोहळा मोठा होत जावा आणि घरातील दिवा मंद होत जावा, असे घडले तर वर सांगितलेला सारा इतिहास आपण उलटा चालवल्यासारखे होईल.

यासाठी वाचकांपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. येत्या ८ सप्टेंबरला मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील वेगळ्या प्रदेशातून आलेल्या एका कुटुंबाला आपल्या घरी बोलवावे. हरेगावहून आणलेला प्रसाद आणि मंगळूरकडील खीर एका पंगतीत वाढावी. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला, तिच्या लहानपणी हा सण कसा होत असे, ते विचारावे. आणि ती जे सांगेल ते नातवंडांपैकी कोणी तरी वहीत उतरवून घ्यावे. 'क्रिस्तपुराण' आपल्यापर्यंत पोहोचले ते अशाच वह्यांतून.