माशी, कोळी आणि शिस्त

मास्तरकी करणाऱ्या माणसाच्या तोंडी दिवसातून वीस वेळा तरी येणारा शब्द म्हणजे ‘शिस्त’. वर्गात शिरताना शिस्त, प्रार्थनेच्या रांगेत शिस्त, वहीच्या समासातही शिस्त! पण गंमत अशी, वाचकहो, की हा शब्द मुळात आम्हां मास्तर मंडळींचा नव्हेच. तो बंदूकवाल्यांचा. फारसीतून तो आपल्याकडे आला तो नेम हा अर्थ घेऊन, आणि ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणे असा अर्थ मोल्सवर्थसाहेबाच्या कोशातही सापडतो. डोळा, नळीवरची खाच, नळीच्या टोकावरचा दाणा आणि सावज ही चारही एका ओळीत आली म्हणजे शिस्त लागली. मला वाटते, हे ओळीत येणे पाहूनच पुढे तो शब्द कवायतीच्या मैदानावर गेला असावा आणि तिथून शाळेच्या पडवीत येऊन बसला असावा.

नळीच्या टोकावरच्या त्या चिमुकल्या दाण्याला आपल्या लोकांनी नाव दिले ‘माशी’. काय नेमके नाव! खरोखरच एखादी माशी नळीच्या तोंडाशी येऊन बसावी, तसा तो दिसतो. आमच्या कळंबच्या आसपासच्या खेड्यांतून पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका बाळगणारी जुनी माणसे ‘माशी धरली’ असेच म्हणत.

या माशीची एक अडचण आहे, आणि ती चाळिशीनंतर फार जाणवते. खाच डोळ्यापासून हातभर अंतरावर, माशी त्याहून दूर, आणि लक्ष्य तर पार पलीकडे. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. माशी स्पष्ट पाहावी तर लक्ष्य धूसर, लक्ष्य पाहावे तर माशी नाहीशी. या तीन अंतरांचे भांडण मिटवण्यासाठीच रायफलीवर दुर्बीण आली.

यंदा हा विषय डोक्यात घुमण्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. तो हल्ली हवेच्या रायफलीने निशाणेबाजी शिकतो. ऐपत बेताची, उत्साह मात्र उदंड. त्याने मला विचारले, “सर, रायफलीवर बसवायला स्वस्त आणि भरवशाची दुर्बीण कोणती घ्यावी?” मी मराठी शिकवणारा मास्तर, मला बंदुकीचे काय कळणार? पण विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाला ‘ठाऊक नाही’ म्हणून वाटेला लावणे आमच्या धर्मात बसत नाही. म्हणून पुस्तके चाळू लागलो, आणि या प्रश्नामागे जवळजवळ चार शतकांचा इतिहास उभा असलेला दिसला.

त्याची सुरुवात एका कोळ्यापासून होते. इंग्लंडात विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक तरुण १६४० च्या सुमारास दुर्बिणीतून आकाश पाहत असे. अशी कथा सांगतात की, एके दिवशी दुर्बिणीच्या आत कोळ्याने एक धागा ओढून ठेवला होता, आणि तो नेमका अशा जागी होता की, दूरची वस्तू व धागा दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसावीत. भिंगाने जिथे प्रतिमा उमटते तिथेच धागा आला, की डोळ्याला दोन अंतरांत धावावे लागत नाही. ही युक्ती गॅस्कॉइनने ओळखली आणि दुर्बीण ही नुसती पाहण्याची वस्तू न राहता नेम धरण्याची वस्तू झाली. बिचारा १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तरुणपणीच मारला गेला. बंदुकीवर माशी आणि दुर्बिणीत कोळी! निसर्गात एकमेकांचे वैरी असलेले हे दोन जीव माणसाने एकाच कामाला जुंपले.

दुर्बिणीतल्या त्या धाग्याने आपल्या मुलखात पहिले मोठे काम केले ते मारण्याचे नव्हे, मोजण्याचे. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला. सुमारे ७८ व्या रेखांशाच्या आधाराने तो उत्तरेकडे सरकत राहिला. आमचा यवतमाळ जिल्हा याच रेखांशावर वसलेला आहे. त्याचे मुख्य यंत्र म्हणजे अर्ध्या टनाचा अवाढव्य थिओडोलाइट. विलायतेहून येताना ते फ्रेंचांच्या हाती लागले आणि मॉरिशसला गेले, पण शास्त्राचा मान राखून फ्रेंचांनी ते परत केले. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोठे वर्तुळ वाकले. लॅम्बटनने तंबूचे दार लावून घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ इंचाइंचाने पुन्हा गोल केले. तोच लॅम्बटन मोजणी करीत करीत नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी आमच्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या मागून आलेल्या एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले; लॅम्बटनच्या वाट्याला वर्धा जिल्ह्यातली साडेतीन हात जमीन आली.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, लॅम्बटनचे ते यंत्र दूरचे मोठे करून दाखवीत होते म्हणून मोलाचे नव्हते. ते एकदा जुळवले की जुळलेले राहत होते, म्हणून मोलाचे होते. जुळणी बिघडल्याबरोबर ते अर्धा टन पितळ झाले. हे सूत्र, वाचकहो, लक्षात असू द्या.

मोजणीची दुर्बीण बंदुकीवर चढवणाऱ्या मंडळींत एक माणूस आपल्या मुंबई इलाख्याच्या फौजेतला होता. डेव्हिड डेव्हिडसन हा स्कॉटिश अधिकारी. हिंदुस्थानातल्या नोकरीत असतानाच त्याने शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण बसवून पाहिली होती. मायदेशी परतल्यावर १८६२ साली त्याने तिचे पेटंट घेतले. अमेरिकेत त्याआधीच मॉर्गन जेम्सच्या लांबलचक दुर्बिणी निघाल्या होत्या. डेव्हिडसनची दुर्बीण मात्र आखूड आणि सुटसुटीत होती, आणि ती ज्या रायफलीवर बसली ती म्हणजे व्हिटवर्थची षट्कोनी नळीची नामांकित रायफल.

या व्हिटवर्थची कथा ‘स्वस्त आणि भरवशाचे’ या आपल्या प्रश्नाशी अगदी भिडणारी आहे. १८५७ साली इंग्रज सरकारने तिची आणि एन्फील्डची तुलना केली. होय, तीच एन्फील्ड, जिच्या काडतुसांनी त्याच वर्षी मीरतेपासून लखनौपर्यंत आग लावली. एन्फील्डची मजल चौदाशे यार्डांची, तर व्हिटवर्थने दोन हजार यार्डांवरचे लक्ष्य फोडले. तरीही सरकारने व्हिटवर्थ नाकारली, कारण ती चौपट महाग होती आणि तिच्या नळीत दारूची काजळी लवकर साचे. पुढे २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने तिकटीवर आवळून बसवलेली हीच रायफल रेशमी दोरीने झाडली, आणि चारशे यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचाच्या आत लागली. राणीने नेम धरलाच नव्हता! तो तिकटीने धरून ठेवला होता. पुन्हा तेच सूत्र.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या मोजक्या नेमबाजांना व्हिटवर्थ मिळाल्या, त्यांतल्या काहींवर डेव्हिडसनची दुर्बीण होती. ९ मे १८६४ रोजी जनरल सेजविक आपल्या वाकून चालणाऱ्या शिपायांची थट्टा करीत होता, की इतक्या लांबून त्यांना हत्तीसुद्धा टिपता यायचा नाही. थोड्याच वेळात सेजविक स्वतः कोसळला. ती गोळी व्हिटवर्थचीच होती असे मानले जाते.

१९१४ च्या महायुद्धात दुर्बिणीचा प्रश्न ऐरणीवर आला. उत्तम भिंगांची विद्या जर्मनांच्या येना शहरात एकवटली होती. इंग्रजांनी शिकाऱ्यांकडून, दुकानांतून मिळतील तशा दुर्बिणी गोळा केल्या. हेस्केथ-प्रिचर्ड नावाचा एक शिकारी आणि लेखक खंदकांत जाऊन त्या तपासू लागला, तेव्हा निम्म्याहून अधिक रायफली नेमाच्या बाहेर गेलेल्या आढळल्या. भिंगे चांगली होती. बिघडली होती ती जुळणी. कुणाचे स्क्रू सैल, कुणाची पकड हललेली, कुणी रायफल दुसऱ्याच्या हाती देताना पुन्हा नेम जुळवलाच नव्हता. त्याने १९१६ मध्ये नेमबाजांची शाळा काढली आणि तिथे गोळी झाडण्याइतकेच महत्त्व निगा राखण्याला दिले. आपल्या देशातही दुर्बिणींचा सरकारी कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून १९४३ साली देहरादूनला निघाला.

एवढे वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला उत्तर देणे सोपे गेले. मी म्हणालो, “बाळ, दुकानदार तुला सोळापट, वीसपट मोठे दिसेल असे सांगेल. त्याला भुलू नकोस. साधा भागाकार कर. पुढचे भिंग बत्तीस मिलिमीटरचे आणि वाढ चारपट असेल, तर डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत आठ मिलिमीटरचा. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सातेक मिलिमीटर फाकते, म्हणजे ती पुरती भरली. त्याच भिंगाची वाढ सोळापट केलीस तर झोत उरतो दोन मिलिमीटर. संध्याकाळी चित्र मोठे दिसेल, पण काळोखे. शिवाय वाढीबरोबर हाताचा कंपही तितकाच वाढतो.

“दुसरे, तुझी रायफल हवेची असली तरी स्प्रिंगची आहे. तिचा धक्का मागे बसतो आणि लगेच पुढेही बसतो. दारूच्या रायफलीसाठी केलेली महागडी दुर्बीण या उलट्या धक्क्याने खिळखिळी होते. तेव्हा स्प्रिंगच्या रायफलीसाठी केलेलीच घे. तिसरे, दुर्बिणीत वाचवलेले पैसे पकडीच्या कड्यांवर घाल. चौथे, घेण्याआधी रायफल घट्ट ठेवून डोळा किंचित इकडेतिकडे हलव. फुली लक्ष्यावरून सरकू लागली तर कोळी आपल्या जागी बसलेला नाही असे समज. पाचवे, बटण वीस खटके वर फिरव, वीस खटके खाली आण. गोळी जुन्याच जागी लागली तर ती दुर्बीण भरवशाची, मग ती कितीही स्वस्त असो.”

आणि सर्वांत शेवटी त्याला हेही सांगितले की, ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. तिथे मागे बारीक भोक आणि पुढे एक वर्तुळ, म्हणजे आपल्या माशीचीच सुधारलेली बहीण. दहा मीटरच्या स्पर्धेतला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तो उघड्या डोळ्याने टिपायचा असतो.

नेमाच्या साधनांचा अभिमान बाळगताना आम्हां यवतमाळकरांनी एक गोष्ट विसरता कामा नये. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाली, परंतु माणूस आणि वाघ यांचा तंटा काही मिटला नाही. २०१८ साली आमच्या शेजारच्या राळेगाव तालुक्यात टी-१ उर्फ अवनी या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. कापूस वेचायला जाणाऱ्या बायाबापड्यांचा जीव मुठीत असे. ड्रोन, उष्णता टिपणारे कॅमेरे, हत्ती, कुत्री सारे काही आणले गेले. अखेर ऐन दिवाळीच्या तोंडावर, २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली, आणि मागे दोन बछडे राहिले. कुणी सुटकेचा निःश्वास टाकला, कुणी डोळे पुसले. नियम पाळले की मोडले यावर पुढे कितीतरी काळ वाद चालला. अंधारातले दाखवणारी साधने माणसाने केली, पण चाप ओढावा की न ओढावा हे दाखवणारे भिंग अजून कुणी घडवलेले नाही. ते ज्याचे त्यानेच घडवायचे असते.

म्हणून मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची आठवण अधिक प्रिय वाटते. वडील शिक्षक, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. मुलाच्या नेमबाजीसाठी त्यांनी कर्ज काढले. मुलगा रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणले होते. त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले. रायफल महाग होती, गोळ्याही महाग होत्या. पण गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने तासन्‌तास शरीर एका ओळीत धरून ठेवण्याची जी गोष्ट त्याने कमावली होती, ती कोणत्याच दुकानात मिळत नाही. आपल्या भाषेने तिला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे, आणि ते बंदुकीलाही लागू पडते आणि माणसालाही.