गळाच्या घुगऱ्या

१२. घुगऱ्या : इथे बारशाच्या नव्हेत, गळाच्या. धाराशिव हा रब्बी ज्वारीचा मुलूख, त्यामुळे माकणीच्या निम्न तेरणा किंवा परंड्याच्या सीना-कोळेगाव धरणावर गळ टाकणाऱ्याला आमिषाचे धान्य घरातच मिळते. ज्वारी रात्रभर, मका आणि हरभरा दिवसभर भिजवून मग शिजवायचे. नखाने दाबल्यावर दाणा चेपला पाहिजे, फुटता कामा नये. फुटलेला गळावर टिकत नाही. त्याच पाण्यात एक-दोन दिवस ठेवला की आंबूस वास सुटतो आणि मासा वासावर येतो. ज्वारीचा दाणा बारीक, म्हणून ती मूठभर पाण्यात फेकायची. गळाला मका किंवा हरभरा लावायचा, टोक किंचित उघडे ठेवून. कोरडे धान्य मात्र टाकू नये, ते माशाच्या पोटात फुगते. पोट म्हणायचे एवढेच. रोहू, मृगळ, सायप्रिनस या कुळाला जठरच नसते आणि दातही जबड्यात नसून घशात असतात. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, म्हणून बुडणारा दाणा त्यांना भावतो. कटला वरच्या थरातला, तो या दाण्याला सहसा लागत नाही. सायप्रिनस मूळचा इथला नव्हे. त्याचा आज सर्वत्र दिसणारा वाण १९५७ साली बँकॉकहून भारतात आला. त्याआधी इथल्या कुणाच्या गळाला हा वाण लागणे म्हणूनच शक्य नव्हते. — संपा.