प्रीतिभोजनाची कुळकथा

ईश्वराचे प्रेम पात्रापात्रतेचा विचार न करता सर्वांना सारखेच लाभते, ही ख्रिस्ती श्रद्धा समजून घ्यावयाची तर धर्मपंडितांच्या ग्रंथांपेक्षा आरंभीच्या मंडळ्यांच्या पंक्तीला जाऊन बसणे अधिक उपयोगाचे, असे मला वाटते. कारण ‘प्रीतिभोजन’, म्हणजे मंडळीने एकत्र बसून घ्यावयाचे सहभोजन, ही त्या श्रद्धेची पहिली व्यावहारिक कसोटी होती, आणि करिंथची मंडळी तिला पहिल्याच शतकात उतरली नाही. ज्याने त्याने आपली शिदोरी आधीच उरकावी, एकाने मद्याने धुंद व्हावे आणि दुसऱ्याने उपाशी राहावे, असा तेथील उघड पंक्तिप्रपंच पाहून प्रेषित पौलाने जी कानउघाडणी केली, तिच्यामुळेच त्या पंक्तीचा वृत्तांत आपल्या हाती आला.

इ. स. ११२च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने, दोन दासींचा छळ करून खातरजमा केल्यावर, सम्राट ट्रेजनला खलिता धाडला, की ही माणसे पहाटे ख्रिस्ताचे स्तवन करतात, पुन्हा जेवणासाठी जमतात, अन्न साधे व निरुपद्रवी असते, आणि संघांवरील बंदीहुकुमानंतर त्यांनी तेही सोडले आहे. हा हुकूम त्याच्या प्रांतापुरता होता आणि अन्यत्र ही पंगत चालूच राहिली. कारण त्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन प्रार्थनेने आरंभ होणाऱ्या, भुकेपुरत्या अन्नाच्या आणि दीनदुबळ्यांना आधार देणाऱ्या याच भोजनाचे साभिमान वर्णन करतो. पुढे धर्म राजमान्य झाला आणि चौथ्या शतकात लावदिकीयाच्या धर्मपरिषदेने ही पंगत मंदिराबाहेर काढली. शिस्तीसाठी ते आवश्यक असेलही. परंतु वेदीवर वंदिले जाणारे प्रेम आणि ताटात वाढले जाणारे प्रेम यांची फारकत तेथे झाली.

या पंगतीचे पुनरुज्जीवन पुढे अठराव्या शतकात झाले, पण ते कोणी योजून केले नाही. मोरावियातून परागंदा होऊन सॅक्सनीत काउंट झिंझेंडॉर्फच्या जहागिरीत हर्नहूट वसविणारे लोक आपसांत विलक्षण भांडले होते. १३ ऑगस्ट १७२७ रोजी बर्थेल्सडॉर्फच्या मंदिरात प्रभुभोजनाचा विधी आटोपल्यावर मात्र त्यांचा पाय घराकडे निघेना, तेव्हा ठिकठिकाणी जमलेल्या त्या मंडळींना काउंटने आपल्या वाड्यातून अन्न पाठविले. या मोरावियन पंथाच्या सहवासात इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने १७३७ साली अमेरिकेतील जॉर्जियात हे भोजन अनुभवले व आपल्या मेथडिस्ट समाजात रूढ केले. तेथे मात्र आत येण्यासाठी तिकीट लागे, आणि दर तिमाहीस त्याची मुदत संपे. मोरावियनांच्या पंक्तीत आजही गोड पाव आणि कॉफी परक्यालाही मिळते.