ब्रेकची रबरी नळी

माझ्याकडे १९७८ सालची होंडा सीबी ७५० आहे. मागच्या महिन्यात मुलाला मागे बसवून चक्कर मारायला निघालो. सिग्नलला पुढचा ब्रेक दाबला, गाडी थांबली. लिव्हर सोडली, तर चाक सुटेना! कशीबशी ढकलत घरी आणली. ब्रेकची रबरी नळी बाहेरून ठणठणीत होती. कापून पाहिली, तर आतलं रबर फुगून भोक जेमतेम सुई जाईल इतकं उरलेलं. दाबाने तेल पुढे जायचं, परतताना अडकायचं.

ही नळी गाडीत आली कशी, त्याची गोष्ट माझ्याच गावातून, म्हणजे डेट्रॉइटमधून जाते.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जात. एका चाकाला जास्त ओढ, दुसऱ्याला कमी, की गाडी तिरकी. यावर माल्कम लॉकहीड या कॅलिफोर्नियाच्या माणसाने तोडगा काढला. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलेला. तोच वापरून त्याने १९१७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९१९ मध्ये डेट्रॉइटला कंपनी काढली. १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. पण आतल्या चामड्याच्या वाट्या गळायच्या. क्रायसलरने १९२४ च्या आपल्या गाडीत रबरी वाट्या वापरल्या, तेव्हा कुठे गळती आटोक्यात आली.

वाट्यांचं निभावलं, पण नळीचं काय? चाक वर-खाली होतं, वळतं. तिथे धातूची नळी टिकणार नाही, लवचिकच हवी. म्हणून तिथेही रबर आलं.

मोटरसायकलींना हे सगळं उशिरा मिळालं. लँब्रेटाने १९६२ मध्ये स्कूटरला डिस्क ब्रेक दिला, पण तो तारेने ओढायचा. १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० काढली: चार सिलिंडर, ६७ अश्वशक्ती, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेग. एवढ्या वेगाला पुढे हायड्रॉलिक डिस्क दिली, आणि मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटरसायकलीत ती पहिल्यांदाच आली. मात्र सगळा भरवसा शेवटी त्या रबरी नळीवरच.

नवीन नळी मी आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलच्या तारांचं विणकाम असलेली घेतली. ती दाबाने फुगत नाही. जुनं तेल काढलं, ते चहासारखं काळपट झालेलं. हे तेल हवेतली ओल शोषतं, मग कमी तापमानाला उकळतं, म्हणून ते ठराविक काळाने बदलायचंच असतं. जोडांवर तांब्याचे नवे वॉशर घातले आणि तासभर लिव्हर दाबत नळीतली हवा काढली. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, त्यामुळे बुडबुडा राहिला तर ब्रेक स्पंजासारखा लागतो.

भारतात २०१९ पासून १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. पण एबीएसचा हुकूमही शेवटी चाकापर्यंत पोचवते ती नळीच. वर्षानुवर्षं मी त्या गाडीचं क्रोम चकचकीत ठेवलं आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या नळीकडे ढुंकून पाहिलं नाही. मुलगा मागे बसलेला असताना ती अडली, तेव्हा अक्कल आली.

तुमच्या गाडीची नळी किती जुनी आहे, जरा बघून घ्या.