लाख, कोळसा आणि भिंतीवरचा काळा खटका

मूलमधली कवेलूची घरं उतरवून स्लॅब पडू लागले, तेव्हा विजेचे गोल काळे खटके थेट भंगारात गेले. मी ते गोळा करते. सोबत रेडिओची तपकिरी पेटी, डायलचा फोन, कुकरच्या सुट्या मुठीसुद्धा. बॅचच्या ग्रुपवर यावर पुरेशी थट्टा झाली आहे, म्हणून कारण सांगते.

हे सगळं बॅकेलाइट. त्याची सुरुवात लाखेपासून होते. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडा जी लाख करतो, ती शुद्ध करून चपडा बनतो. विजेच्या उपकरणांत वेष्टणासाठी तो लागे आणि जगाला मुख्यतः भारतच पुरवी. मागणी वाढली, पण किड्याला ओव्हरटाइम लावता येत नाही! भाव चढले. चपड्याला पर्याय शोधता शोधता लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बॅकेलाइट केलं. फिनॉल तेव्हा दगडी कोळशाच्या डांबरातून निघे. म्हणजे झाडावरच्या मालाची जागा खाणीतल्या मालाने घेतली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात दोन्ही आहेत. शाळेत मात्र वनोपज आणि खनिजं आपण वेगवेगळ्या धड्यांत पाठ केली.

लाख तापवली की पुन्हा मऊ होते, म्हणून तिची बांगडी होते, पार्सलवर सील होतं. बॅकेलाइट साच्यात एकदा घट्ट झालं की वितळत नाही, म्हणून कुकरची मूठ त्याची. बळकटीसाठी त्यात बहुधा लाकडाचा बारीक भुसा असतो. अंगठ्याने जोरात घासा. गरम झालं की कार्बोलिक साबणासारखा वास येतो.

लाखेचा धंदा लगेच बसला नाही. कलकत्त्याला १९०८ मध्ये ग्रामोफोन रेकॉर्डचा कारखाना निघाला. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्या चपड्याच्याच. पुढे विनाइलने तेही काम घेतलं. बेकलँड यांचं नाव वस्तूलाच चिकटलं. फांद्या खरवडून लाख बाजारात नेणाऱ्या गावकऱ्यांचं नाव माझ्या संग्रहातल्या एकाही वस्तूवर नाही.

तेव्हा घर पाडण्याआधी मेन स्विच बंद करून खटके काढून ठेवा, मी येऊन नेईन. कापराचा वास येणारा जुना कंगवा सेल्युलॉइडचा असतो, भसकन पेटतो. तो चुलीपासून लांब ठेवा. आणि तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी लाख वेचली असेल, तर त्यांच्याशी बोलायला मला खटक्यांच्याही आधी यायचं आहे.