कुंभकोणमचा एक उसना ग्रंथ

तंजावरच्या मराठी राजांचा सरस्वती महाल आपणांस परिचित आहे. तेथून जवळच असलेल्या कुंभकोणममधील एका ग्रंथाची कथा मात्र शालेय प्रशासनास अधिक बोधप्रद आहे.

१९०३ साली टाउन हायस्कूलचा विद्यार्थी श्रीनिवास रामानुजन याला एका मित्राने सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून कार यांचा गणितग्रंथ मिळवून दिला. त्यात सुमारे ५,००० निष्कर्ष होते, सिद्धता त्रोटक. रामानुजनने त्या स्वतःच शोधल्या. त्याच्या प्रतिभेस दिशा मिळाली. पण इतर विषय मागे पडून पुढे महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली. ग्रंथाचा पहिला खंडही १८८०चा. नव्या गणिताची ओळख १९१४नंतर केंब्रिजमध्ये हार्डी यांना करून द्यावी लागली.

तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या शियाळीचे गणिताध्यापक शि. रा. रंगनाथन १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देणे, हे त्यांचे मर्म.

ग्रंथखरेदी हा एकदाचा खर्च, ग्रंथपालाचे वेतन दरमहाचे. म्हणून काटकसरीच्या काळात ते पद सहज रिक्त ठेवले जाते. मग नोंदवहीत पुस्तके असतात, कपाटास कुलूप असते आणि योग्य पुस्तक मिळणे ओळखीवर अवलंबून राहते. रामानुजनला मित्र होता. ज्यांना असा मित्र नाही, त्यांच्यासाठीच शाळेत ग्रंथपाल हवा.