एमएस : मेंदूतील दाहाचे चित्रण
मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एमएस या विकारात प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. ताजा हल्ला गॅडोलिनियम देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये उजळ दिसतो. वाढत्या स्वरूपाच्या एमएसमध्ये मात्र अहवालात अनेकदा नवे काही आढळत नाही, तरी रुग्णाची चाल वर्षागणिक बिघडत जाते. कारण मायक्रोग्लिया या मेंदूतील प्रतिकारपेशी जुन्या व्रणांच्या कडेने धुमसत राहतात.

हा दाह पाहण्यासाठी संशोधनात पेट स्कॅन वापरतात. टीएसपीओ या प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिले जाते. काही काळाने तीच तपासणी पुन्हा केल्यास दाह वाढला की ओसरला, याचा अंदाज येतो. मात्र हे प्रथिन इतर पेशींतही असल्याने निष्कर्ष जपून काढावा लागतो. शिवाय कार्बन-११ युक्त द्रव्याची क्रियाशीलता दर २० मिनिटांनी निम्मी होते. ते सायक्लोट्रॉनजवळच वापरावे लागते. मुंबईत तयार केलेले द्रव्य सुमारे ५०० किलोमीटरवरील परभणीपर्यंत टिकणे अशक्य.

एमआरआयच्या विशेष पद्धतीने मात्र काही धुमसत्या व्रणांची लोहयुक्त कडा टिपता येते. म्हणूनच परभणी जिल्ह्यातील रुग्णांनी जुन्या फिल्म व अहवाल जपावेत. ‘नवा व्रण नाही’ याचा अर्थ ‘रोग थांबला’ असा घेऊ नये.